वाढत जाणारा पक्षाघात आणि मेंदूच्या धमनीतला स्टेंट

वातायन

माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि रुग्णालयात दाखल केल्यानंतर, उपचार सुरू असतानाच, तो तीन दिवस वाढत गेला. तिसऱ्या रात्री मेंदूतल्या एका धमनीत स्टेंट घालण्यास आमची संमती आहे की नाही, हे आम्हा भावंडांना पाऊण तासात सांगायचे होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले होते, तरी त्या मनःस्थितीत त्यातले निम्मेही आमच्यापर्यंत पोहोचले नाही. गेल्या आठ महिन्यांत जे विचारले आणि वाचले ते इथे मांडतो आहे. ज्यांच्यावर अशी रात्र येईल त्यांना निदान कोणते प्रश्न विचारायचे ते ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या समजुतीतल्या चुका जाणकारांनी जरूर दाखवाव्यात.

सकाळी उठल्यावर वडिलांच्या उजव्या हातातून पेला निसटला आणि बोलताना त्यांना शब्द सापडेनात. रात्री झोपताना ते ठीक होते, त्यामुळे झटका नेमका कधी आला हे कोणालाच सांगता येईना. लक्षणे सौम्य होती, वेळ अनिश्चित होती, म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले नाही. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी शून्य ते ४२ अशी एक गुणपद्धती वापरतात. गुण जितके जास्त तितका झटका गंभीर. दाखल होताना वडिलांचे गुण ४ होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात लहान लहान ठिपके विखुरलेले दिसले. त्या बाजूला रक्त पोहोचवणारी मुख्य धमनी, जिला डॉक्टर 'एमसीए' म्हणतात, ती सुरुवातीच्या खोडातच सुमारे नव्वद टक्के अरुंद झालेली आढळली. बाहेरून गुठळी येऊन अडकली नव्हती. वर्षानुवर्षे मेदाचा थर साचून धमनी आतूनच आवळली गेली होती.

त्यांना उठवून पाणी पाजले की हात खाली पडायचा आणि बोलणे अडखळायचे. आडवे निजवले की वीस-पंचवीस मिनिटांत सुधारणा दिसायची. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तक्त्यावरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा वरचा रक्तदाब १५०च्या पुढे असताना वडील बोलत होते आणि १३०च्या खाली आल्यावर बोलणे बंद पडत होते, हे त्यांच्या लक्षात आले. या एका निरीक्षणावर पुढचा सगळा निर्णय उभा राहिला, म्हणून ते इथे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

मेंदूच्या शंभर ग्रॅम भागाला दर मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळत असते. हा पुरवठा २०च्या खाली घसरला की पेशींचे काम थांबते, मात्र त्या काही काळ जिवंत राहतात. १०च्याही खाली गेला की थोड्याच मिनिटांत त्या मरू लागतात. या दोन मर्यादांच्या मधल्या, थांबलेल्या पण अजून न मेलेल्या भागाला ग्रहणातल्या उपच्छायेवरून 'पेनम्ब्रा' असे नाव पडले आहे. एरवी रक्तदाब थोडा कमी झाला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून पुरवठा सांभाळून घेतात. मोठी धमनी फारच अरुंद झालेली असेल तर पुढच्या वाहिन्या आधीच जास्तीत जास्त रुंदावलेल्या असतात आणि आणखी रुंदावायला जागाच उरत नाही. मग त्या भागातला रक्तप्रवाह थेट रक्तदाबावर अवलंबून राहतो. वडिलांचा अर्धा मेंदू त्या तीन दिवसांत रक्तदाबाच्या आकड्याबरोबर जागा होत होता आणि झोपत होता.

पहिले दोन दिवस स्टेंटचा विषयसुद्धा निघाला नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी दोन औषधे सुरू होती, कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध मोठ्या मात्रेत होते, शिरेतून सलाइन चालू होते आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या थांबवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर मात्र आडवे ठेवूनही आणि औषधाने रक्तदाब चढवूनही सुधारणा दिसेना. गुण १३ वर गेले. नव्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, मेलेला भाग अजूनही लहान होता आणि त्याच्याभोवतीचा उपाशी भाग बराच मोठा होता. त्या रात्री संमतिपत्र आमच्या हातात आले.

आम्ही सही केली. मांडीच्या धमनीतून नळी वर नेऊन, आवळलेल्या जागेतून केसासारखी तार पलीकडे घालून, आधी छोट्या फुग्याने जागा थोडी मोकळी केली आणि मग निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा जाळीदार स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी गुण ६ झाले. बोलणे पुढच्या काही आठवड्यांत बरेच परतले. पण उजव्या हाताची बोटे आजही नीट वळत नाहीत. नंतरच्या एमआरआयमध्ये खोल भागात एक नवा ठिपका दिसला, तो त्या प्रक्रियेतूनच आला असावा, असे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. हे लपवून केवळ यशाची गोष्ट सांगणे मला योग्य वाटत नाही.


निशिगंध

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांच्या प्रकृतीला आराम पडो.

एक शंका आहे. हृदयाची धमनी बंद झाली की लगेच स्टेंट घालतात, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एक तरी माणूस आहे. मग मेंदूच्या धमनीत नव्वद टक्के अडथळा पहिल्याच दिवशी दिसला असताना तीन दिवस थांबण्याचे कारण काय? आमच्या घरी असे घडले असते तर मी डॉक्टरांवर विलंबाचा आरोप केला असता.


अनुस्वार

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. वातायन यांनी मांडलेले शरीरशास्त्र मुळात बरोबर आहे. निशिगंध यांचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि तो रास्तच आहे.

मेंदूच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांसारख्या नसतात. हृदयाच्या धमनीला बाहेरून स्नायूंचा आणि मेदाचा आधार असतो. कवटीच्या आतली धमनी मेंदूभोवतीच्या पाण्यात जवळजवळ लोंबकळत असते, तिची भिंत पातळ असते, बाहेरचा लवचीक पडदा तिला नसतो आणि सर्वांत बाहेरचा थरही विरळ असतो. तिला लहानशी चीर गेली तरी रक्तस्राव थेट मेंदूभोवती होतो. शिवाय एमसीएचा व्यास अडीच ते तीन मिलिमीटर असतो आणि तिथे पोहोचण्याचा मार्ग कवटीच्या तळातल्या नागमोडी वळणांतून जातो.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. एमसीएच्या खोडातून आणि मेंदूच्या खोडाला रक्त देणाऱ्या बेसिलर धमनीतून केसासारख्या उपशाखा निघतात आणि थेट आत शिरतात. हात, पाय आणि चेहरा हलवणाऱ्या तंतूंना त्याच पोसतात, आणि त्या बंद पडल्या तर त्यांना पर्यायी मार्ग नसतो. स्टेंट उघडताना साचलेला मेद बाजूला दाबला जातो, आणि बाजूला म्हणजे याच उपशाखांच्या तोंडांवर. मुख्य रस्ता रुंद झाला आणि गल्लीचे तोंड बुजले, अशी ती स्थिती असते. वातायन यांच्या वडिलांच्या बोटांचे बहुधा हेच झाले असावे. अर्थात चित्रे न पाहता मी खात्रीने सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, अडथळा नव्वद टक्के आहे एवढ्यावरून त्या माणसाला उपचार कोणता हवा ते ठरत नाही. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक वर्तुळ असते आणि पृष्ठभागावर शेजारशेजारच्या धमन्यांना जोडणाऱ्या आडवाटा असतात. ज्यांच्या आडवाटा चांगल्या असतात, त्यांची मुख्य धमनी पूर्ण बंद झाली तरी काहींना जाणवतसुद्धा नाही. म्हणून पहिल्या दिवशी थांबणे हा विलंब नव्हता, तो योग्य उपचार होता.


पूर्वपक्ष

मी या क्षेत्रातला नाही, पण संशोधनाचे अहवाल वाचण्याची सवय आहे, आणि जे वाचले आहे ते वातायन यांच्या निर्णयाच्या विरोधात जाते, असे नम्रपणे नोंदवतो. अमेरिकेतल्या 'सॅम्प्रिस' या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मेंदूची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले आणि नुकताच झटका येऊन गेलेले ४५१ रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांना केवळ औषधे दिली गेली, निम्म्यांना औषधांबरोबर विंगस्पॅन नावाचा स्टेंट घातला. तीस दिवसांच्या आत पुन्हा पक्षाघात किंवा मृत्यू होण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, तर औषधांच्या गटात ५.८ टक्के निघाले, आणि पुढील रुग्ण घेणे थांबवावे लागले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हिसिट' या दुसऱ्या चाचणीतही वेगळ्या प्रकारचा स्टेंट वापरून निष्कर्ष त्याच दिशेचा आला. इतके स्पष्ट उत्तर हाती असताना हा उपचार अजून सुचवलाच कसा जातो?


कृष्णमेघ

पूर्वपक्ष यांच्या प्रश्नात माझाही आवाज मिसळतो. माझ्या मावशीला बेसिलर धमनीत स्टेंट घातला होता. प्रक्रिया यशस्वी झाली असे आम्हाला सांगितले, चित्रात धमनी अगदी स्वच्छ उघडलेली दाखवली, आणि चौदा तासांनी ती बेशुद्ध झाली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अकराव्या दिवशी ती गेली.

मी कोणावर दोषारोप करत नाही. धोका आहे असे आम्हाला सांगितले होते. पण 'धोका आहे' आणि 'न करण्यातही धोका आहे' ही दोन वाक्ये एका दमात सांगितली की घरच्यांना त्यांतला फरक उरत नाही. मावशी त्या वेळी स्थिर होती. तिचे लक्षण वाढत नव्हते. पुन्हा झटका येऊ नये म्हणून स्टेंट घातला होता. वातायन यांचा धागा वाचताना प्रथमच लक्षात आले की त्यांच्या वडिलांची परिस्थिती आणि मावशीची परिस्थिती या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. आमच्याशी बोलताना हा भेद कोणी केला नाही.


अनुस्वार

कृष्णमेघ, आपल्या मावशीबद्दल वाचून वाईट वाटले. आपण जो भेद नोंदवला आहे तोच या विषयाचा कणा आहे, आणि पूर्वपक्ष यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. जरा विस्ताराने लिहितो.

सॅम्प्रिसचे आकडे बरोबर आहेत. स्टेंटच्या गटात पहिल्या तीस दिवसांत ३३ जणांना पक्षाघात झाला, आणि त्यांतल्या १० जणांना तो लक्षणे निर्माण करणाऱ्या मेंदूतल्या रक्तस्रावाने झाला. औषधांच्या गटात असा रक्तस्राव एकालाही झाला नाही. या चाचणीने आणखी एक गोष्ट शिकवली, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. 'केवळ औषधे' म्हणजे तिथे एक गोळी लिहून घरी पाठवणे नव्हते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल नव्वद दिवस एकत्र, वरचा रक्तदाब १४०च्या खाली, मधुमेह असल्यास १३०च्या खाली, घातक कोलेस्टेरॉल ७०च्या खाली, आणि धूम्रपान, वजन व व्यायाम यांसाठी सतत पाठपुरावा, असा तो कडक कार्यक्रम होता. औषधांच्या गटाचा निकाल चाचणी आखणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच चांगला आला तो त्यामुळे. 'स्टेंट नको' याचा अर्थ 'काहीच नको' असा होत नाही.

मात्र ज्यांची लक्षणे चालू घटकेला वाढत आहेत, अशा रुग्णांना सॅम्प्रिसमध्ये घेतलेलेच नव्हते. ते सगळे स्थिरावलेले होते आणि पुढचा झटका टाळणे हा उद्देश होता. चीनमधल्या 'कॅसिस' चाचणीत तर झटक्यानंतर तीन आठवडे थांबून, अनुभवी केंद्रांमध्ये, निवडक रुग्णांना स्टेंट घातले. २०२२ साली आलेल्या तिच्या निकालात मुख्य परिणामाचे, म्हणजे चाचणीत मोजायचे ठरवलेल्या पक्षाघात-मृत्यूसारख्या वाईट घटनांचे, प्रमाण स्टेंटच्या गटात ८.० टक्के आणि औषधांच्या गटात ७.२ टक्के होते. रुग्ण काळजीपूर्वक निवडले आणि हात सरावाचे असले की हानी कमी होते, पण स्थिर रुग्णाला लाभही होत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यामुळे स्थिर रुग्णाच्या बाबतीत मी पूर्वपक्ष यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विंगस्पॅनची परवानगी २०१२ साली आक्रसली: कडक औषधोपचार चालू असतानाही दोन किंवा अधिक झटके आलेले, अडथळा ७० ते ९९ टक्के, शेवटच्या झटक्याला सात दिवसांहून अधिक काळ लोटलेला आणि त्यातून बऱ्यापैकी सावरलेले रुग्णच तिच्यात बसतात. या चौकटीत राहून केलेल्या १५२ रुग्णांच्या 'वीव्ह' पाहणीत, २०१९ साली, पहिल्या ७२ तासांतल्या पक्षाघात, रक्तस्राव किंवा मृत्यूचे प्रमाण २.६ टक्के निघाले. साधन तेच होते. बदलली ती मुख्यतः माणूस आणि वेळ यांची निवड. त्यात तुलनेसाठी औषधांचा गट नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

आता वातायन यांचे वडील. ते या चौकटीत कुठेच बसत नाहीत: झटका तीन दिवसांचा, आणि तोही चालू असलेला. पूर्वपक्ष, आपल्याला स्पष्ट वाटलेले उत्तर या रुग्णाबद्दलच्या प्रश्नाचे नाही. अशा वेळी स्टेंट हा बचावाचा उपाय असतो. त्याच्या बाजूने उदाहरणमाला आहेत, निःसंदिग्ध चाचणी नाही. जवळचा पुरावा मिळतो तो वेगळ्या प्रसंगातला. नळीने गुठळी काढूनही धमनी उघडली नाही, किंवा उघडूनही खाली मोठा अडथळा उरला, तर तिथेच फुगा किंवा स्टेंट वापरावा का, हे 'एंजेल-रीबूट' या चिनी चाचणीने ३४८ रुग्णांमध्ये तपासले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात नव्वद दिवसांनंतरची कार्यक्षमता सुधारली नाही, आणि लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव मात्र १ टक्क्याऐवजी ५ टक्के रुग्णांना झाला. हे वाचल्यापासून मी स्वतः अधिक सावध झालो आहे. तरीही डोळ्यांसमोर गुण ४ वरून १३ वर जात आहेत, बाकीचे उपाय करून झाले आहेत, मेलेला भाग लहान आणि वाचवता येण्याजोगा भाग मोठा आहे, अशा रुग्णासाठी मी स्टेंटचा पर्याय नातेवाइकांसमोर ठेवतो. तो ठेवताना मला खात्री नसते, आणि खात्री नाही हे मी त्यांना सांगतो.


दीपशिखा

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वातायन यांनी तक्त्यावरच्या नोंदींचा उल्लेख केला, त्यामुळे लिहावेसे वाटले.

वाढत जाणारा झटका पुष्कळदा सर्वांत आधी नातेवाइकांच्या लक्षात येतो, कारण आमच्यासाठी रुग्ण नवा असतो. 'आज यांचे बोलणे कालच्यापेक्षा जड वाटते' हे वाक्य कृपया मनात ठेवू नका, लगेच सांगा. सांगताना वेळ सांगा, आणि त्या वेळी रुग्ण बसलेला होता की आडवा, नुकताच शौचाला किंवा व्यायामाला उठवला होता का, एखादी गोळी नुकतीच दिली होती का, हेही सांगा. घरून आणलेली रक्तदाबाची गोळी 'रोजची आहे, चुकायला नको' म्हणून उशाशी बसून दिलेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. अरुंद धमनीच्या रुग्णाला त्या गोळीने मोठी इजा होऊ शकते. गिळण्याची तपासणी होण्याआधी पाणी किंवा खाणेही देऊ नये. ते फुप्फुसात गेले तर ताप येतो आणि तापाने मेंदूची स्थिती आणखी खालावते.

हात अधिक लुळा पडणे वेगळे आणि रुग्ण गुंगीत जाणे वेगळे. गुंगी, उलट्या, डोके दुखणे असे काही दिसले तर आम्ही सूज किंवा रक्तस्राव यांचा विचार आधी करतो, आणि त्यावर स्टेंट हा उपाय नसतो.


अनुस्वार

दीपशिखा यांचा शेवटचा मुद्दा मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवा होता. झटका वाढला म्हणजे धमनीच कारणीभूत आहे असे नाही. साखर उतरणे किंवा फार चढणे, ताप, लहानशी आकडी, सूज, मेलेल्या भागात रक्त उतरणे, हे सगळे बाहेरून सारखेच दिसू शकते, म्हणून लगेच साखर तपासून नवा स्कॅन करतात. धमनी कारण असली तरी तीन निरनिराळ्या गोष्टी घडत असू शकतात. पुरवठा अपुरा पडत असेल तर रक्तदाबाबरोबर लक्षणे चढतात-उतरतात आणि अशा रुग्णाला धमनी उघडल्याने फायदा होण्याची आशा असते. मेदाच्या खडबडीत थरावरून बारीक गुठळ्या सुटून पुढे जात असतील तर औषधे हाच पहिला आधार असतो. आणि थराने उपशाखेचे तोंडच झाकले असेल, तर स्टेंट घालून ती उघडत नाही. उलट शेजारच्या आणखी उपशाखा जाण्याची भीती असते. या तिसऱ्या प्रकारात लक्षणे वाढताना पाहणे घरच्यांना असह्य होते आणि 'काहीतरी करा' अशी विनवणी होते. ते 'काहीतरी' स्टेंट नसावे, असे मी ठामपणे म्हणेन.


निशिगंध

माझा आरोप मी मनातल्या मनात मागे घेते. आता उलट प्रश्न पडला आहे. स्टेंट न घालता नुसता फुगा वापरला तर तो कमी धोक्याचा ठरणार नाही का? वातायन यांनी आधी छोटा फुगा वापरल्याचे लिहिले आहे. तेवढ्यावरच थांबता आले नसते का?


अनुस्वार

प्रश्न फार चांगला आहे. अलीकडे नेमके याच दिशेने काम झाले आहे. धमनीच्या मूळ व्यासापेक्षा लहान फुगा घेऊन, तो सावकाश फुगवून, जागा पूर्ण न उघडता थोडीशीच उघडायची, अशी ती पद्धत आहे. तिच्यामागचा तर्क असा की नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे फारच आवळलेली जागा किंचित रुंदावली तरी पुरवठा पुष्कळ वाढू शकतो, आणि मेद उपशाखांच्या तोंडावर कमी दाबला जातो. चीनमधल्या 'बेसिस' चाचणीचा निकाल २०२४ साली आला. कडक औषधोपचारांना फुग्याची जोड दिलेल्या गटात वर्षभरातल्या मुख्य परिणामाचे प्रमाण ४.४ टक्के, आणि केवळ औषधांच्या गटात १३.५ टक्के होते. मात्र पहिल्या तीस दिवसांतला धोका फुग्याच्या गटात थोडा जास्तच होता, आणि त्यातही झटका वाढत असतानाचे रुग्ण घेतलेले नव्हते, झटक्याला किमान दोन आठवडे झालेले होते. शिवाय फुग्याने कधी धमनीच्या आतल्या थराला चीर जाते, कधी ती पुन्हा आक्रसते, आणि मग तिथे स्टेंट घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही.


वातायन

आमच्याकडे तसेच झाले होते, असे नंतर कळले. फुगा काढल्यावर दहा मिनिटे वाट पाहिली, तेवढ्यात धमनी पुन्हा आवळली गेली, म्हणून स्टेंट घातला. अहवालात हे लिहिलेले होते. मला ते वाक्य सहा महिन्यांनी समजले.

कृष्णमेघ, आपल्या मावशीबद्दल वाचल्यावर बराच वेळ काही लिहिता आले नाही. स्टेंटनंतरच्या रात्रीबद्दल मी वर लिहायचे टाळले होते, ते आता लिहितो. तीन दिवस आम्ही रक्तदाब वर राहावा म्हणून पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. स्टेंट बसल्यावर लगेच उलट सांगितले गेले: आता तो १४०च्या वर जाता कामा नये. इतका काळ उपाशी राहिलेल्या भागात एकदम पूर्ण दाबाने रक्त शिरले तर तिथल्या वाहिन्यांना ते आवरता येत नाही आणि रक्तस्राव होऊ शकतो. त्यातच स्टेंटवर गुठळी धरू नये म्हणून प्लेटलेट रोखणारी दोन्ही औषधे चालूच ठेवावी लागतात. म्हणजे एक धोका टाळायला जे द्यावे त्यानेच दुसरा वाढतो. त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब मोजला जात होता आणि वडिलांना दर तासाला उठवून त्यांचे नाव विचारले जात होते. पहाटे चारच्या सुमारास त्यांनी माझे नाव घेतले.

सही करण्यापूर्वी मी विचारायला हवे होते आणि विचारले नाही, असे काही प्रश्न होते. वाढ कशामुळे होते आहे असे तुम्हाला वाटते आणि कशावरून? मेलेला भाग किती आणि वाचण्याजोगा किती? औषधांचे आणि रक्तदाबाचे सगळे उपाय करून झाले आहेत का? ही प्रक्रिया तुम्ही स्वतः, अशाच अवस्थेतल्या रुग्णांवर, किती वेळा केली आहे? आणि नाही म्हटले तर उद्या सकाळपर्यंत काय होण्याची शक्यता आहे? शेवटचा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला होता. डॉक्टर म्हणाले, "बहुधा उजवी बाजू आणि बोलणे दोन्ही जातील, पण मी चुकीचा ठरू शकतो." आम्ही सही केली ती या उत्तरावर.


पूर्वपक्ष

माझ्या प्रश्नातला सूर वातायन यांना कठोर वाटला असेल तर क्षमस्व. चाचणीत कोणते रुग्ण घेतले होते, हे निकालाआधी पाहायला हवे, हे मला ठाऊक असूनही मी ते पाहिले नव्हते.

अनुस्वार यांना एक विचारतो. स्टेंट आतून पुन्हा अरुंद होतो का? आणि दोन औषधांपैकी एक कधी थांबवतात?


अनुस्वार

होतो, आणि ते दुर्मीळ नाही. चीनमधल्या 'नोव्हा' या चाचणीत, २०२२ साली, साध्या स्टेंटच्या गटात वर्षभरात ३०.२ टक्के रुग्णांचे स्टेंट आतून पुन्हा आक्रसले. पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेल्या स्टेंटमध्ये हे प्रमाण ९.५ टक्के होते. म्हणून ठरावीक अंतराने धमनीचे चित्र घ्यावे लागते. दोन औषधे साधारणपणे किमान तीन महिने एकत्र देतात, काहींना त्याहून अधिक, आणि मग बहुतेक वेळा एकच पुढे चालू राहते. दुसरे औषध कधी बंद करायचे हे ज्यांनी स्टेंट घातला आहे त्यांनीच ठरवावे. दात काढायचा आहे किंवा हातावर निळे डाग पडतात म्हणून कोणीही ते आपणहून थांबवू नये. काही लोकांच्या यकृतात क्लोपिडोग्रेलचे परिणामकारक रूपात पुरेसे रूपांतर होत नाही. त्यामागे जनुकीय कारण असते आणि आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण बरेच आहे. औषध नियमित घेऊनही झटका आला तर याची तपासणी करण्याबद्दल जरूर विचारावे.


वातायन

वडिलांची सहाव्या महिन्याची अँजिओग्राफी झाली. स्टेंटच्या आतली जागा थोडी कमी झाली आहे, पण रक्तप्रवाह पुरेसा आहे, म्हणून सध्या काही करायचे नाही असे ठरले. क्लोपिडोग्रेल बंद झाले, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचे औषध चालू आहे. रक्तदाब रोज सकाळी मोजून वहीत लिहायचा असतो. तो ते स्वतःच लिहितात, डाव्या हाताने, आणि आकड्यापुढे त्या वेळी बसलेले होते की आडवे, हेही लिहून ठेवतात.